अठ्ठ्याण्णव मी पुसलं

हिंजवडीच्या ऑफिसात मला मागून पोलीसपाटीलबाई म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती, कारण माझ्या हातात वही असायची. कंपनीत कॉम्प्युटर किती, त्यांवर काय काय टाकलेलं आहे, आणि जे टाकलंय ते वापरायचं लायसन्स आपल्याकडे आहे की नाही, हे बघत फिरायची मला नोकरी होती. परभणीहून मी आले होते ती प्रोग्राम लिहायच्या उमेदीने. मिळालं हे. पहिले सहा महिने खट्टू होते, मग कामाची गोडी लागली, आणि त्यानंतर मी जी काही शिष्ट झाले ती विचारू नका. कुणाच्याही टेबलाखाली वाकायचं, कॅबिनेटवरचा चकचकीत स्टिकर शोधायचा, त्यावरचा लांबलचक नंबर वहीतल्या नंबराशी ताडून बघायचा आणि जुळला नाही की चष्म्याच्या वरून त्या माणसाकडे बघायचं. हे बघणं मी आरशासमोर उभी राहून बसवलं होतं.

राहायला मारुंजीत होते. साल दोन हजार चार. तेव्हा मारुंजी धड गाव नव्हतं आणि धड शहरही नव्हतं. रस्त्याच्या एका अंगाला ज्वारी, दुसऱ्या अंगाला ‘रूम भाड्याने देणे आहे’. आमच्या घरमालकांनी रस्त्याकडची जमीन बिल्डरला देऊन मागच्या तुकड्यावर ओळीने बारा खोल्या बांधल्या होत्या, आणि त्यांत परभणी, लातूर, जळगाव, अकोला असा अर्धा महाराष्ट्र भरला होता. मी एकटी बाईमाणूस म्हणून मला घराला लागून असलेली खोली दिली होती. मालकांना सगळे आबा म्हणत, मीही म्हणायचे. ते मला मॅडम म्हणत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा जेसीबी घेऊन साइटवर असायचा तो दिसला तर दिसायचा. घर चालायचं ते सुनेवर. तिला मी वहिनी म्हणायचे.

वहिनींचं माहेर पौडकडचं. बारावी झालेल्या, आणि लग्नाआधी मराठी टायपिंगचा कोर्स केलेला. आबांच्या घरात बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या शेजारी, विणलेलं झाकण घालून एक कॉम्प्युटर ठेवलेला असे. त्यावर वहिनी लग्नपत्रिका लावायच्या, म्हणजे टाइप करून छापायला तयार करून द्यायच्या.

पत्रिका म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे गणपती आणि मुहूर्त येईल. मुळशीतली पत्रिका तेवढ्यावर भागत नाही. वधूवरांची नावं मधे कुठेतरी असतात, शोधली तर सापडतात. बाकी सगळी जागा निमंत्रक, प्रेषक, कार्यवाहक, व्यवस्थापक, समस्त भावकी आणि समस्त ग्रामस्थ यांची. शंभर नावं म्हणजे आटोपशीर पत्रिका. खरी मेख त्या नावांच्या क्रमात असते. कुठला चुलता वर, कुठला खाली; ज्याच्याशी बांधावरून बोलणं बंद आहे त्याला गाळायचं की शेवटी घ्यायचं; दोघं सारख्याच मानाचे असतील तर एका ओळीत आणायचे, पण मग डाव्या हाताला कोण? एका नावाची जागा चुकली म्हणून मांडवातून उठून गेलेली माणसं मी पाहिली आहेत. वहिनींना हे सगळं पाठ होतं. मारुंजी, नेरे, जांबे, माण, सगळीकडची. कुणाचं कुणाशी सध्या कसं आहे हे त्यांना इतकं अचूक ठाऊक असायचं, कारण पत्रिका लावायला येणारा प्रत्येक जण समोर बसून मन मोकळं करूनच जायचा.

एरवी त्या घरात वहिनींचा आवाज बाहेर यायचा नाही. आबा बाहेर बसलेले असले की त्या आतूनच बोलायच्या, तेही विचारलं तर. पण पत्रिकेचं माणूस आलं की चित्र पालटे. पांढऱ्या मिशांचे लोक त्यांच्यापुढे प्लास्टिकच्या खुर्चीवर अवघडून बसत आणि विचारत, ‘‘सूनबाई, आमचा हा थोरला कुटं बसवायचा?’’ वहिनी पडद्यावरची नजर न काढता सांगत, ‘‘त्यांना कार्यवाहकात घ्या. निमंत्रकात घेतलं तर धाकटं रुसतील.’’ आणि ते मान हलवत. आबा त्या वेळी ओट्यावर जाऊन बसायचे. मला हे बघायला फार आवडायचं. ऑफिसमधून येताना खुर्चीवर कुणी बसलेलं दिसलं की मी मुद्दाम दारात रेंगाळायचे.

कॉम्प्युटरवर विंडोज अठ्ठ्याण्णव होतं. गावात सगळे नुसतं अठ्ठ्याण्णव म्हणायचे. पत्रिकेचा मराठी अक्षरांचा प्रोग्राम त्यावरच चालायचा, आणि तोही कॅबिनेटच्या मागे अंगठ्याएवढं एक लॉक खोचलेलं असलं तरच उघडायचा. हा त्यांचा दुसरा कॉम्प्युटर. पहिला वीज पडली तेव्हा फोनच्या तारेतून जळाला होता. लॉक तेवढं वाचलं, ते काढून वहिनींनी नव्याला लावलं.

मग वहिनींच्या यजमानांनी रंगीत प्रिंटर आणला. वरून झाकण उघडलं की स्कॅनही करणारा. बारशाची, साखरपुड्याची छोटी कार्डं घरीच छापावीत असा विचार. खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की याला एक्सपी, म्हणजे अठ्ठ्याण्णवच्या पुढचं विंडोज लागेल. त्यांनी चौकातल्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. शनिवारची दुपार होती, मी घरी होते. गप्पा ऐकू आल्या म्हणून डोकावले तर त्याच्या हातात मार्करने नाव लिहिलेली सीडी. मी चष्म्याच्या वरून बघितलं.

‘‘ही कुठली?’’

‘‘एक्सपी हाय मॅडम. ओरिजनल हाय, वरिजनलवरनंच कॉपी केलीय.’’

झालं. माझ्या अंगात नोकरी संचारली. दुसऱ्याच्या वस्तूची नक्कल करून घरात आणणं म्हणजे काय, उद्या कुणी विचारलं तर काय दाखवणार, शिकलेल्या लोकांनी तरी असं करू नये, वगैरे वगैरे. शिकलेले म्हणजे कोण हे मी मोघम ठेवलं. माझ्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर दीड हजार गाणी कुठून आली होती, हा प्रश्न मी त्या दिवशी कुणाला विचारू दिला नसता. कॉम्प्युटरवाला हसत होता. आबा मात्र ऐकत होते. शेवटी म्हणाले, ‘‘मॅडम म्हंत्यात तर रीतसर करू. आपल्याला कुनाचं लबाडीचं नगं.’’

मी खुशीत येऊन दुसऱ्याच आठवड्यात एक्सपीचं पाकीट माझ्यातर्फे भेट म्हणून आणलं. त्यात दोन प्रकार मिळायचे. एक पूर्ण, आणि एक अपग्रेड, म्हणजे ज्याच्याकडे आधीचं रीतसर असेल त्याने त्यावर चढवायचं. मी अपग्रेडचं आणलं. आबांच्या कॅबिनेटवर अठ्ठ्याण्णवचा स्टिकर होता, मी वाकून बघितला होता. वहिनींना त्या प्रोग्रामबद्दल काही विचारायला हवं, असं माझ्या मनातही आलं नाही. त्या तेव्हा चुलीपाशी होत्या, आणि मला तांत्रिक गोष्टींत कुणाला विचारायची सवय नव्हती. रविवारी सकाळी दोन तासांत अठ्ठ्याण्णव पुसून मी एक्सपी चढवलं. हिरव्या टेकडीचं चित्र आलं. प्रिंटर सुरू झाला. आबांनी पहिला कागद छापायला म्हशीचा फोटो दिला, आणि तो इतका झकास निघाला की त्यांनी तो टीव्हीवर उभा करून ठेवला.

सोमवारी ऑफिसमधून आले तर वहिनी फाटकात उभ्या होत्या.

‘‘ताई, पत्रिकेचं उघडतच न्हाई.’’

मी लॉक काढून घातलं, दुसऱ्या भोकात घालून बघितलं, आपटूनही बघितलं. पुण्यात ज्यांनी तो प्रोग्राम विकला होता त्यांना फोन केला. ते म्हणाले, तो एक्सपीवर चालणारच नाही. नवा यायचा आहे, त्याचं लॉकही वेगळं असेल, आणि तुमच्या जुन्या फाइली त्यात उघडतील की नाही सांगता येत नाही. मी फोन ठेवला आणि उगाचच वहिनींना म्हणाले, ‘‘बघू काहीतरी.’’ तुळशीचं लग्न झालं होतं. आठ पत्रिका लावायच्या पडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाहेरच्या खोलीत बैठक बसली. आबा पलंगावर, मी खुर्चीवर, आणि चौकातला कॉम्प्युटरवाला भिंतीला टेकून, चेहऱ्यावर ‘आता कसं’ असा भाव. त्याच्याकडे उपाय तयार होता. ‘‘दोन्ही ठेवू की. अर्धी हार्ड डिस्क जुन्याला, अर्धी नव्याला. चालू केलं की त्येच इचारतंय, कुटलं पायजे. वैनींना जुनं, तुमाला नवं.’’

उपाय बरोबर होता. म्हणूनच मला राग आला. कारण मी आणलेल्या पाकिटात एक अट होती, आणि लायसन्सच्या सगळ्या अटींमधली तीच एक मी पूर्ण वाचलेली होती. बाकी सगळीकडे मीही तुमच्यासारखीच ‘मला मान्य आहे’वर टिचकी मारून पुढे गेले होते. ती अट मी मराठीत करून सांगितली. अपग्रेड घेतलं की ज्याच्या जोरावर ते घेतलं ते जुनं वापरायचा हक्क संपतो. दोन्ही एका वेळी चालवता येत नाहीत. लायसन्स एकच आहे, ते जुन्यावरून उठून नव्यावर बसलं.

आबा हसले. ‘‘मॅडम, रस्त्याकडंची मी इकली. खरेदीखत झालं. पन म्हशी अजून तितंच चरत्यात का न्हाई? कंपाउंड पडस्तवर कोन इचारतंय?’’

‘‘आबा, ते चूकच आहे.’’

‘‘चूक म्हंजी? गवत वाळून चाललंय.’’

कॉम्प्युटरवाल्याने टाळी द्यायला हात पुढे केला, आबांनी दिली. मी मुद्द्यावर आले. तीन रस्ते आहेत, म्हटलं. एक, एक्सपी काढून टाकायचं आणि पुन्हा अठ्ठ्याण्णव घालायचं. ते रीतसर आहे, पण प्रिंटर बंद होईल. दुसरा, पत्रिकेचा नवा प्रोग्राम येईपर्यंत थांबायचं. आणि तिसरा, अठ्ठ्याण्णवचं आणखी एखादं लायसन्स आपल्याकडे असेल तर ते वापरायचं. वेगळं लायसन्स असेल तर अट मोडत नाही, मग दोन्ही खुशाल शेजारी शेजारी ठेवा, मी स्वतः घालून देईन.

पहिला रस्ता आबांनी जागीच बंद केला. बारा भाडेकरूंची माहिती पोलीस चौकीत द्यायची होती, फोटो आणि ओळखपत्राच्या प्रतीसकट. प्रिंटर त्यांना कामाचा झाला होता. ‘‘नवं काढून जुनं घालायचं? न्हाई न्हाई.’’

मग मी विचारलं, ‘‘आबा, तो जळालेला पहिला कॉम्प्युटर. त्याच्याबरोबर काही कागद आले होते का? पुस्तक, चकचकीत शिक्क्याचं सर्टिफिकेट, असं काही?’’

‘‘कागद?’’ आबांचा चेहरा बदलला. ‘‘कसलं कागद? आमच्याकडं कसलंच कागद न्हाईत.’’

त्या दिवसांत मारुंजीत दर दोन दिवसांनी कुणीतरी मोटरसायकलवरून यायचं, पाणी प्यायचं आणि गोड बोलत विचारायचं, सातबारा बघायला मिळेल का? फेरफार झालाय का? वाटणीपत्र आहे का? या सगळ्यांना गावात उत्तर एकच ठरलेलं होतं. कागद म्हटलं की न्हाई म्हणायचं. मग माणूस कोण आहे आणि कागद कशाचा आहे हे नंतर बघायचं. हे मला माहीत होतं. पण आपण तसल्यांतल्या नाही, असं मला वाटत होतं.

वहिनी चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मला वाटलं साखरेचं विचारताहेत. मी म्हटलं, ‘‘कमीच.’’

म्हणजे उरला थांबायचा रस्ता. कॉम्प्युटरवाला जाता जाता दारात म्हणाला, ‘‘मॅडम, कुनाला कळनार हाय?’’ मी त्याला सांगितलं, मला कळेल. त्या वाक्यावर मी पुढे दोनतीन दिवस खूश होते.

लग्नसराई थांबायची नव्हती. आलेल्या लोकांना वहिनी सांगायच्या, मशीन बंद आहे. ती माणसं थोडा वेळ बसायची, चहा घ्यायची, आणि वाकडच्या प्रेसमध्ये जायची. तिथे पत्रिका लावणारा नगरकडचा. त्याला नावं कळत होती, माणसं कळत नव्हती. जांब्याच्या एका पत्रिकेत त्याने दोन भाऊ एका ओळीत आणले, कोर्टात एकमेकांसमोर उभे असलेले. त्यावरून काय झालं ते वहिनींनीच मला सांगितलं, आणि सांगताना त्यांना हसू येत होतं. ‘‘माज्याकडं आलं असतं तर...’’ म्हणाल्या.

नवा प्रोग्राम पुढच्या वर्षी आला. तोवर लोकांच्या पायाला वाकडची वाट पडली होती, आणि नव्यासाठी आबांचं मन वळवायला घरात कुणी नव्हतं. प्रिंटरवर भाडेकरूंचे कागद निघत होते. खुर्ची आत गेली. वहिनी आता सकाळ-संध्याकाळ खोल्यांवर दूध घालायच्या. माझ्याकडे यायच्या तेव्हा मी पातेलं पुढे करताना उगाच घाई दाखवायचे. मला वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटतंय याचा रागही येत होता. मी काय चूक केलं? अट माझी नव्हती. मी रीतसर विचारलं होतं, तिन्ही रस्ते सांगितले होते, पदरचं पाकीट दिलं होतं. हे सगळं मी पातेल्यात दूध पडेपर्यंत मनातल्या मनात म्हणायचे. वहिनी कधी काही बोलल्या नाहीत. त्यांनी भांडण काढलं असतं तर मी जिंकले असते.

त्याच सुमाराला ऑफिसात आमच्या एका मोठ्या साहेबांच्या लॅपटॉपवर मला दोन सिस्टीम सापडल्या. एक कंपनीची, दुसरी कुठून तरी आणलेली. चालू केला की विचारायचा, कुठलं हवं. मी वहीत लिहिलं. माझ्या वरच्यांनी वही बघितली, चहा मागवला आणि म्हणाले, ‘‘हा रकाना तूर्त रिकामा ठेवू या.’’ मी ठेवला. घरी येताना कंपनीच्या बसमध्ये स्वतःला समजावलं की साहेबांच्या कामाला ते लागत असेल.

दोन हजार सहाच्या अखेरीला मी सूसला फ्लॅट घेतला. जायच्या आदल्या दिवशी सकाळी सामान बांधत होते, तर आबांनी हाक मारली. पलंगावर रेक्झीनची एक जुनी पिशवी उपडी करून बसले होते.

‘‘मॅडम, ह्यातलं इंग्रजी कुटलं कामाचं आन् कुटलं फेकायचं, जरा बगा. पोराला येळ न्हाई.’’

मी हबकले. ती पिशवी म्हणजे त्या घराचं काळीज. सातबारे, फेरफार, मोजणीचे नकाशे, खरेदीखत, जमिनीच्या जुन्या पावत्या. तीन वर्षांत मी ती कधी पाहिली नव्हती. मला खरंच भरून आलं. मी मांडी घालून बसले आणि कागद वेगळे करू लागले. फ्रिजची वॉरंटी, फेकायची. पंपाची, ठेवायची. बँकेचं एक पत्र. आणि मग एक लॅमिनेट केलेलं चकचकीत काहीतरी हाताला लागलं, सातबाऱ्यासारखंच चारी कडा नीट कापून पक्कं केलेलं. वर उजेडात रंग बदलणारा शिक्का, खाली पंचवीस अक्षरं. विंडोज अठ्ठ्याण्णव. पूर्ण. जळालेल्या कॉम्प्युटरबरोबर वेगळं पाकिटातून आलेलं. त्या कॉम्प्युटरला चिकटलेलं नव्हे. एक मशीन गेलं तर दुसऱ्यावर नेता येणारं. अख्ख्या नोकरीत इतकं निर्दोष लायसन्स मी क्वचित पाहिलं असेल.

‘‘आबा, हे काय आहे?’’

‘‘त्ये व्हय? पयल्या कंपूटरचं. शिक्का हाय म्हनून पौडाला जाऊन लॅमिनेट करून घेतलं.’’

‘‘मी विचारलं होतं तुम्हाला. दोन वर्षांमागे. इथेच बसून. तुम्ही म्हणालात कागद नाहीत.’’

आबांनी जरा आठवून बघितलं. त्यांना काही ओशाळं वाटलं नाही, वाटायचं कारणही नव्हतं. ‘‘आसंल. तवा तुमी नव्या हुतात. नव्या मानसाला कागद न्हाई दावत. आता तुमी घरच्याच.’’

मी तो कागद घेऊन उठले. आबा मागून म्हणाले, ‘‘फेकायचा का?’’ मी ऐकलं नाही असं केलं.

वहिनी गोठ्यात होत्या, शेण काढत होत्या. मी कागद त्यांच्यापुढे धरला आणि धडाधड बोलत सुटले. हा बघा, हा असता तर तेव्हाच सगळं झालं असतं, दोन्ही ठेवता आली असती, एक दिवसाचं काम होतं, आबा नाही म्हणाले म्हणून मी... वहिनींनी हात पुसले नाहीत, नुसतं वाकून बघितलं.

‘‘म्हाईत हाय. मीच ठेवला हुता पिशवीत.’’

‘‘तुम्हाला माहीत होतं? मग तेव्हा बोलला का नाहीत? तुम्ही दारातच होता!’’

‘‘मामंजी न्हाई म्हनाले हुते. समद्यांम्होरं.’’ मग पाटी भरत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘‘आन् तुमी मला कुटं इचारलं, ताई? तुमी त्यांना इचारलंत.’’

त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. पत्रिका लावणारी ती, लॉक सांभाळणारी ती, कागद ठेवणारी ती. आणि मी, परभणीहून एकटी येऊन स्वतःच्या पायावर उभी राहिलेली, पलंगावर बसलेल्या बाप्यालाच विचारलं. ऑफिसात शिकवलेलं तेच होतं, की मशीन ज्याच्या नावावर त्याला विचारावं. ते वापरणारं कोण आहे, हा रकाना माझ्या वहीत नव्हता.

मग मी घाईघाईने म्हणाले, ‘‘आता विचारते. तुम्हाला विचारते. टेम्पो उद्या आहे, आज अख्खा दिवस आहे. अठ्ठ्याण्णव परत घालते, दोन्ही शेजारी शेजारी. लॉक आहे ना तुमच्याकडे?’’

‘‘हाय. लॉक हाय, फायलीची सीडी बी हाय.’’

‘‘मग झालं तर.’’

त्या पाटी कमरेला लावून उभ्या राहिल्या. खरोखर विचार करत होत्या, कारण पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं. त्यांच्या तोंडून ‘घाला’ निघावं म्हणून मी कागद तसाच पुढे धरून होते.

‘‘नगं,’’ म्हणाल्या. ‘‘टाइप करता येईल, ताई. पन दोन वर्सं झाली, माज्याम्होरं कोन बसलं न्हाई. कोन कुनाशी बोलतंय, कुनाचं मिटलं, कुनाचं फाटलं, मला ठावं न्हाई आता. कुनाला वर घेऊ आन् कुनाला खाली?’’

आणि पाटी घेऊन त्या उकिरड्याकडे गेल्या.